सात वळणांचा काठ

तिचं खरं नाव कागदपत्रांत होतं आणि ते तिथंच पडून राहिलं. गल्लीतली लहानथोर सगळी तिला गाठआत्या म्हणायची. आत्या ती खरं तर एकाचीच, थोरल्या भावाच्या मुलाची. पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळ्यांचीच झाली. आणि गाठी मारणं हा तिचा धंदा.

मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा. ताणा विणून संपत आला की विणकर कापड कापून काढतो, पण धाग्यांची वीतभर शेपटं मागावरच राहू देतो. मग नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका शेपटाला गाठायचा आणि सगळं हळूहळू पुढं ओढून घ्यायचं. हे काम करणारं माणूस मागाच्या मागच्या बाजूला जमिनीवर बसतं, म्हणून कुणाच्या फारसं नजरेत येत नाही. दादाच्या, म्हणजे आत्याच्या भावाच्या, लोकरी कांबळ्याला नऊशे साठ धागे लागायचे. आत्या सकाळचा चहा पिऊन, बोटांना चिमूटभर राख चोळून बसली की दुपारच्या जेवणालाच उठायची. नऊशे साठ गाठी झालेल्या असायच्या आणि त्यातली एकही सुटायची नाही. “माझी गाठ सुटलेली दाखवा, मी धंदा सोडते,” असं ती येताजाता म्हणायची. कुणी विचारलेलं नसलं तरी म्हणायची.

स्वभाव म्हणाल तर तिखटच. लग्न झालं ते बसडेपोतल्या एका मेकॅनिकशी. माणूस चांगला होता, पण सहा वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. मूल नव्हतं. ती एका ट्रंकेनिशी भावाकडं परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मागाच्या मागं बसली. काही दिवस राहशील ना, असं दादानं विचारलं तेव्हा म्हणाली, “हा ताणा तर होऊ दे.” त्यानंतर किती ताणे झाले ते कुणी मोजलं नाही. एकोणचाळीस वर्षं ती मागाच्या मागं आणि तो पुढं, मध्ये धाग्यांचा पडदा, आणि दोघांचं तोंड सतत चालू. बहीणभाऊ बोलत कमी आणि भांडत जास्त. विषय कसलाही चालायचा. नळाला पाणी कधी येतं, आई कुणावर जास्त जीव टाकायची, चहात साखर किती, काहीही.

आता काठाचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आलं.

या गल्लीतली माणसं मुळातली इथली नव्हेत. आजोबांच्या वेळी त्यांना राहतं ठिकाण सोडावं लागलं, का आणि कसं हे सांगणारे आता कुणी उरले नाहीत. बोली दोन पिढ्यांत गेली. गाणी गेली. मुलांनी इथल्या शाळा, इथल्या नोकऱ्या धरल्या, आणि कुणाचं काही चुकलं असंही नाही. उरला तो कांबळ्याचा काठ. एकाच बाजूला असतो, चार बोटं रुंद. त्यात सात अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी जातात, आणि प्रत्येक पट्टीतल्या रेघेचं वळण निराळं. एक सरळ जाऊन वळते, एक वळून सरळ होते, एक नुसतीच हेलकावे खाते. आपण आलो त्या वाटेला सात वळणं होती, असं म्हणतात. परक्या गावात कुणाच्या खांद्यावर तो काठ दिसला की आपली माणसं थांबून विचारायची, “कुणाकडचे तुम्ही?”

हा काठ कागदावर कुठंच नव्हता. गरजच पडली नाही ना कधी. मागावर चार चौकटी असतात, त्यांत धागा ओवायला दोऱ्याचे बारीक फासे, म्हणजे डोळे. कुठला धागा कुठल्या चौकटीतून ओवलाय त्यावर नक्षी ठरते. ती ओवणी कुणीतरी कधीतरी केली, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या नुसतं जुन्याला नवं गाठत आले. येताना लोकांनी भांडी सोडली, दारं सोडली, पण चौकटी शेपटांसकट पोत्यात गुंडाळून आणल्या. तेव्हा काठ म्हणजे काय, तर ती वीतभर शेपटं. माग कधी रिकामा करायचा नाही, हा एकच नियम होता, आणि तो इतका अंगवळणी पडला होता की कुणी कुणाला सांगतही नसे.

ओवणी कळावी म्हणून जुनं कांबळं उसवून पाहावं, तर तेही शक्य नाही. विणल्यावर ते गरम पाण्यात, साबणात घालून दोन दिवस पायांनी तुडवतात. लोकर फुगते, एकमेकीत घुसते, सगळा एकच गोळा होतो. पट्ट्या दिसतात, वळणं दिसतात, पण धागा म्हणून धागा वेगळा काढू म्हटलं तर निघत नाही.

एकेक करून गल्लीतले माग भंगारात गेले. शेवटी राहिला दादाचा. आणि एका थंडीत दादाही गेला. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी संपलं. जायच्या आदल्या आठवड्यात त्यानं ताणा संपवून कांबळी कापून ठेवली होती, त्यामुळे शेपटं मागावर लोंबत होती. आत्या रडली नाही. लोक म्हणाले, मन दगडाचं आहे. तिच्या डोक्यात हिशोब चालला होता: नवा ताणा रंगाऱ्याकडं पडलाय, पंधरा दिवसांत येईल, विणायला दादाचा जोडीदार आहे, कुठली पावडी कधी दाबायची हे पायाचं गणित त्याला पाठ आहे, गाठायला मी आहे. म्हणजे काठ वाचला. मग बसू रडत सावकाश.

जोडीदार म्हणजे दादाच्या हाताखाली बावीस वर्षं काम केलेला विणकर. गरीब माणूस, हो ला हो करणारा.

घरात तिसरं माणूस म्हणजे सून, दादाच्या मुलाची बायको. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी. सून वीजबिलाच्या खिडकीवर बसायची. ती या लोकांतली नव्हती. बाहेरची म्हणून गल्लीनं पहिली दोन वर्षं तिला बरंच पिडलं होतं, आणि अजूनही कुणाचं दूध नासलं तरी दोनचार जणी तिच्याकडंच बघायच्या. पोर कष्टाळू होती. टापटीप इतकी, की चमच्यांनासुद्धा रांगेत उभं करायची.

बारा दिवस माणसांची रीघ लागली. तेराव्या दिवशी आत्या लोकर बघायला रंगाऱ्याकडं गेली, आणि सुनेनं रजा काढून कामाची खोली साफ केली. चाळीस वर्षांची धूळ होती ती. तिनं जाळी काढली, फरशी घासली, मागाच्या लाकडाला तेल लावलं. चौकटींच्या डोळ्यांत तुसं अडकून काळी झाली होती, म्हणून तिनं शेपटं कापली, सगळे धागे उपसून काढले आणि चौकटी साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत घातल्या. काढलेले धागे टाकून मात्र दिले नाहीत. नीट विंचरले, निळ्या फितीनं बांधले, आणि आत्या दारात आली तशी दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरले.

“आत्या, बाबांच्या हातचे शेवटचे धागे. तुम्हाला ठेवायला.”

आत्यानं झुबका घेतला. मग आत जाऊन मागाकडं पाहिलं. चारही चौकटी खिडकीशी टांगलेल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, रिकाम्या. सुनेचे हात साबणानं लाल झाले होते आणि केसाला जाळं चिकटलेलं होतं.

“बरं केलंस,” आत्या म्हणाली, आणि चुलीपाशी जाऊन चहाचं आधण ठेवलं.

असं का म्हणाली, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. ओरडली असती तर हक्कच होता. पण ओरडण्यानं धागे परत जागेवर जात नाहीत, हे एक. आणि दुसरं म्हणजे भिंती पातळ होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं की बाहेरची आली आणि तिनं काठ घालवला. मग त्या पोरीला या गल्लीत जन्मभर मान वर करता आली नसती. आत्याला हे लख्ख दिसलं. ती तोंडाची फाटकी असली तरी डोक्यानं फाटकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर तिनं जोडीदाराला बोलावलं. तो रिकाम्या मागाकडं बघून मटकन खालीच बसला.

“झालं,” म्हणाला.

“काय झालं? तोंड बंद ठेव आणि धागे दे.”

कांबळ्याचं अंग साधं, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. ते कुणीही ओवेल. काठाचे चौऱ्याऐंशी धागे, एकेका वळणाला बारा, हे मात्र आठवून भरायचे होते. आणि गंमत अशी की आत्याला ते माहीत नव्हते. एकोणचाळीस वर्षं हातानं केलं, पण पुढ्यात शेपूट असायचं, त्याला गाठ मारायची, विचार करायचा प्रश्नच नव्हता. ती डोळे मिटून मागाच्या मागं बसली, बोटांना राख लावली आणि नसलेल्या धाग्यांना गाठी मारू लागली. जोडीदाराला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण तिचा खांदा हलत होता. पहिली चौकट तिच्यापासून सगळ्यात लांब. तिथला धागा धरताना खांदा पुढं जातो. चौथी अगदी जवळ. तिथं कोपर पोटाशी येतं. डोक्याला आठवत नव्हतं ते खांद्याला आठवत होतं.

“पुढं गेला, पहिली. जवळ, चौथी. परत चौथी. लिही रे.”

“कशावर लिहू?”

“कपाळावर लिही माझ्या. अरे, भिंतीवर लिही.”

तीन दिवसांत पाच वळणं भिंतीवर आली. विणून पाहिली, बिनचूक निघाली. सहाव्याशी गाडी अडली ती अडलीच. खांदा गप्प. आत्यानं सकाळी करून पाहिलं, उपाशीपोटी करून पाहिलं, पहिल्यापासून नऊशे साठ गाठी हवेत मारून शेवटाकडं येऊन पाहिलं. सहावं आणि सातवं म्हणजे अगदी शेवटचे चोवीस धागे, जेवायच्या आधीचे. त्या वेळी काय व्हायचं? त्या वेळी दादाला भूक लागायची, आणि भूक लागली की तो पडद्यापलीकडून कुरापत काढायचा. चोवीस गाठी भांडणात मारल्या जायच्या. एकोणचाळीस वर्षं तिनं त्या वळणांकडं लक्षच दिलं नव्हतं. हात आपले चालायचे आणि तोंड दादाला उत्तरं द्यायचं.

“भांड माझ्याशी,” ती जोडीदाराला म्हणाली.

“मी? तुमच्याशी?”

“पुढच्या बाजूला बसून बोल काहीतरी. साखरेवरून बोल.”

जोडीदारानं घसा साफ केला. “आत्या, तुम्ही चहात साखर… म्हणजे थोडी कमी घातलीत तर बरं पडेल, असं मला वाटतं.”

आत्याचे हात मांडीवर पडले. “तुला भांडताही येत नाही रे,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला रडू आलं. चांगली अर्धा तास रडली. जोडीदार भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

त्यानंच मग सुचवलं, की दोन वळणं जुन्यांतलीच उलटी ओवून टाकू, कोण बघतंय? आत्या म्हणाली, “मी बघतेय.” तिच्या हातून आजवर खोटी गाठ गेली नव्हती, ती आता जाणार नव्हती. चोवीस धागे तिनं साधे ओवायला लावले, एक-दोन-तीन-चार. म्हणजे पाच वळणं, आणि त्याच्यापुढं दोन पट्ट्यांची कोरी जागा.

“पहिल्याच दिवशी पकडतील,” जोडीदार म्हणाला.

“पकडू देत. विचारलं तर सांगेन, म्हातारी विसरली.” उत्तर तयार होतं. तिला उलट वाटत होतं की लवकर पकडावं. खरं सांगायची चोरी असली तरी, काठ गेला याचं दुःख कुणाबरोबर तरी वाटून घ्यायला मिळालं असतं. लोकांनी चार शिव्या घातल्या असत्या तर तिनं त्या पदरात घेतल्या असत्या.

पहिली आठ कांबळी तयार झाली. तुडवली, वाळली, गेली. कुणी काही बोललं नाही. न्यायला आलेली एक बाई काठावरून हात फिरवून म्हणाली, “अगदी दादांच्या हातचं वाटतं.” दुसऱ्या खेपेला बारा गेली. गल्लीतल्या प्रत्येक ट्रंकेत जुनं कांबळं होतं, सात वळणांचं. शेजारी ठेवून बघायला किती वेळ लागतो? कुणी ठेवलं नाही. आत्या मुद्दाम नवं कांबळं खांद्यावर घेऊन, काठ बाहेर ठेवून, बाजारात दोन चकरा मारून आली. लोकांनी थांबवून तब्येत विचारली.

मग समाजाच्या मंडळाची वार्षिक सभा झाली. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मास्तर, बोलायला उभे राहिले की घड्याळ लाजायचं. त्यांनी नवं कांबळं दोन्ही हातांत उंच धरलं आणि सात वळणांवर वीस मिनिटं बोलले. पहिलं वळण धीराचं, दुसरं कष्टाचं, असं करत करत सातव्यापर्यंत गेले. बोट काठावरून फिरवत होते, आणि शेवटची दोन वळणं त्यांनी कोऱ्या जागेवर दाखवली. टाळ्या पडल्या. आत्याचाही सत्कार झाला. ती शाल न घेताच निघाली. लोक म्हणाले, तिरसटच आहे.

घरी येऊन ती कॉटवर बसली. काठ गेला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण ते समजण्यासारखं होतं, वस्तू जाते. हे मात्र तिला समजत नव्हतं. ज्याच्यासाठी माणसांनी भांडी सोडली, तो असा हातात धरूनही कुणाला दिसू नये? मग इतकी वर्षं आपण नेमकं काय गाठत बसलो होतो? तिनं जोडीदाराला सांगून टाकलं की हा ताणा शेवटचा. कारण विचारलं तर म्हणाली, गुडघे.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी सून तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. एका हातात नवं कांबळं, दुसऱ्या हातात ट्रंकेतलं जुनं.

“आत्या, हे पाचच आहेत.”

आत्या डाळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“त्या दिवशी सभेत मी पुढंच कडेला उभी होते. मास्तर सात सात म्हणत होते आणि मी आपली मोजतेय, तर पाचच. म्हटलं माझंच चुकत असेल, मला कुठं काय कळतं तुमच्यातलं. म्हणून आज दोन्ही काढून बघितली. जुन्यात सात आहेत.”

“विसरले मी दोन,” आत्या म्हणाली. “वय झालं.”

सून जायला वळली. दोन पावलं गेली आणि थांबली. खिडकीवर बसून रोज शंभर बिलं तपासणारी ती, आकडा जुळला नाही की तिला अन्न गोड लागायचं नाही.

“पण विसरायचं काय त्यात? तुम्ही तर जुन्या धाग्यांना बघूनच बांधता ना? जुने धागे असतातच की माग…”

तिचं वाक्य तिथंच राहिलं. आत्या डाळीतले खडे बघत होती. खडे नव्हते. सुनेचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला.

“मी कापले,” ती म्हणाली. “ते धुवायला मी… आणि तुम्ही मला बरं केलंस म्हणालात.”

“मग काय म्हणणार होते? चार बादल्या घाण पाणी उपसलं होतंस तू.”

“ओरडायचं. कानाखाली द्यायची.” सुनेचा आवाज फुटला. “सहा महिने, आत्या. सहा महिने मी रोज तुमच्या हातचं जेवतेय, आणि तुम्ही तोंड शिवून बसलात? त्याच आठवड्यात सांगितलं असतं तर तो झुबका होता, काहीतरी केलं असतं आपण. मला काय परकी समजता तुम्ही? घरात माणूस आहे तर त्याला विचारायचं नाही, सांगायचं नाही, भिंतीवर लिहीत बसायचं. हे बरं आहे तुमचं.”

ती बोलतच सुटली. आत्याला या घरात असं कुणी शेवटचं कधी बोललं होतं, ते तिला पक्कं माहीत होतं. ती मान खाली घालून सगळं ऐकत राहिली. मध्ये एकदा तोंड उघडलं, उलट उत्तर द्यायला, आणि दादाशी भांडताना मारायचे तशा गाठी मारतायत का म्हणून उगीच हातांकडं लक्ष गेलं. पण हात ताटातच होते, काही करत नव्हते.

बोलून दमल्यावर सुनेनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि शिवणाच्या डब्यातून बारीक सुई आणली. जुनं कांबळं खिडकीच्या उजेडात पसरलं, सहाव्या वळणाशी सुई घातली आणि लोकर उकलू लागली.

पन्नास वर्षांपूर्वी तुडवलेलं कांबळं. त्यातून काही निघणार नाही हे आत्याला ठाऊक होतं. तिनं ते सांगितलं नाही. डाळीचं ताट बाजूला सारलं, सरकत सरकत पुढं आली आणि कापड ताठ राहावं म्हणून एक कोपरा दोन्ही हातांनी ओढून धरला.

पाऊण तासानं सुईच्या टोकावर केसाएवढा एक तंतू आला.

“काळा,” सून म्हणाली. “याच्या पुढचा कुठला, आत्या?”

आत्यानं डोळे बारीक करून पाहिलं. सगळं सारखंच दिसत होतं.

“मला नाही माहीत,” ती म्हणाली. “तू बघ आणि मला सांग.”

सून पुन्हा कापडावर वाकली.